पंखा लावला, रंग दिला, तरी दर थंडीत त्याच कोपऱ्यात बुरशी: नाशिकच्या घरातली ओल आणि हवा बाहेर काढण्याची सोय

तक्रार साधारण अशी असते. डिसेंबरात सकाळी बेडरूमच्या काचेवरून पाणी ओघळतं आणि स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत साचतं. जानेवारीत कपाटामागे काळे ठिपके दिसतात. उन्हाळ्यात भिंत खरवडून पुट्टी आणि रंग होतो, बाथरूममध्ये नवा एक्झॉस्ट बसतो. पावसाळ्यात कुबट वास येतो आणि पुढच्या थंडीत तोच कोपरा पुन्हा काळा पडतो.

यात रंगाचा दोष क्वचित असतो. ओल कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता पंखा घेतलेला असतो, आणि नाशिकची थंडी व नाशिकचा पावसाळा या दोन्हींना एकच उपाय चालेल असं धरलेलं असतं. थंडीत बाहेरची हवा आपल्या मदतीला असते, जुलै-ऑगस्टमध्ये नसते. कोणता पंखा घ्यायचा, तो कधी चालवायचा, खिडकी उघडायची की लावायची, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

आधी ओल ओळखा

पंखा फक्त हवेतली वाफ बाहेर टाकतो. बाहेरून भिंतीत मुरणारं पावसाचं पाणी, झिरपणारी पाइप किंवा जमिनीतून चढणारी ओल यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून खर्च करण्याआधी प्लॅस्टिकची चाचणी करा. ओली जागा कोरड्या कापडाने पुसून अर्धा तास तशीच सोडा. मग एक फूट बाय एक फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने हवाबंद लावा. रंगाची भुकटी निघत असेल तर चिकटपट्टी धरत नाही, तेवढी कड आधी खरवडून घ्या. २४ ते ४८ तासांनी बघा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे थेंब धरले असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या बाजूला ओलसर धुकं असेल तर ते हवेतलं दव. दोन्हीकडे असेल तर आधी भिंतीचं काम, पंखा नंतर.

जागा आणि वेळ यांवरूनही बरंच कळतं. पश्चिम किंवा नैऋत्येच्या भिंतीवर, दोन दिवस झड लागली की पसरणारा, तपकिरी कडेचा डाग म्हणजे पाऊस. नाशिकला पावसाचा मारा याच बाजूने असतो. तडा बहुतेक वेळा कॉलम आणि विटांच्या जोडावर सरळ रेषेत दिसतो, कारण प्लॅस्टरखाली तिथे जाळी मारलेली नसते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत स्कर्टिंगच्या वर बारा महिने ओल असेल तर नहाणी ट्रॅपचा जोड किंवा भिंतीतली पाइप तपासा. तळमजल्यावर खालचे दोन-तीन फूट पापुद्रे सुटत असतील आणि पांढरा खार फुटत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर ओल जमिनीतून चढतेय. दवाची बुरशी वेगळी दिसते. ती बीम-स्लॅबच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कपाटामागे येते. बारीक काळे ठिपके असतात आणि डागाला तपकिरी कड नसते.

खिडकीपाशी ओल दिसली की लोक पुन्हा सिलिकॉन मारतात. त्याआधी स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची भोकं बघा. ती मातीने बुजलेली असतात, नाहीतर सिलिकॉन मारतानाच बंद केलेली असतात. टोकदार तार घालून मोकळी करा आणि ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते बाहेर न पडता घरात आलं तर दोष तिथेच आहे. टेरेसखालच्या खोलीत स्लॅबच्या कडेला ओल असेल तर पॅरापेटचा वाटा (कठडा आणि स्लॅब यांच्या जोडावरचा गोलसर सिमेंटचा पट्टा) आणि कोब्याच्या, म्हणजे टेरेसवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराच्या, भेगा बघाव्या लागतील.

जुन्या नाशकातल्या दगड-विटा-चुन्याच्या वाड्यांबाबत एकच सांगणं आहे: खालच्या ओल्या भागावर सिमेंट प्लॅस्टर आणि ऑइलपेंट लावू नका. भिंत श्वास घेऊन सुकत असते. तिला झाकलं की ओल वरच्या फुटांवर चढते. चुन्याचं प्लॅस्टर आणि चुन्याचा रंग लावावा, आणि आवारातलं पावसाचं पाणी भिंतीपासून दूर वळवावं. एक्झॉस्टचा प्रश्न त्यानंतर येतो.

दोन आर्द्रतामापक घ्या, पण त्यांची परीक्षा घ्या

छोटे डिजिटल आर्द्रतामापक स्वस्त मिळतात आणि त्यांत पाच-सात टक्क्यांची चूक सहज असते. ती मिठाने पकडता येते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाका, मापकासोबत झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि १२ तास सावलीत ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ८० दाखवले तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून पाच वजा करायचे, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. एक मापक त्रासाच्या खोलीत आणि दुसरा बाल्कनीत, ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी.

नुसती टक्केवारी फसवते, कारण गरम हवेत जास्त वाफ मावते. हिशेब घनमीटरमागे किती ग्रॅम पाणी आहे याचा करा. हवा पूर्ण भरली की ती १० अंशांना सुमारे ९.४ ग्रॅम धरते, १५ अंशांना १२.८, २० ला १७.३, २५ ला २३ आणि ३० ला ३०.४ ग्रॅम. मापकावरच्या तापमानाला हवा जेवढे ग्रॅम धरते त्याला मापकावरच्या टक्क्यांनी गुणलं आणि १०० ने भागलं की हवेतले ग्रॅम निघतात.

जानेवारीतली सकाळ घ्या: बाहेर ११ अंश, ८० टक्के. म्हणजे ८ ग्रॅम. बंद बेडरूममध्ये २० अंश, ७० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. बाहेरची हवा अंगाला ओलसर लागली तरी ती घरातल्या हवेपेक्षा कोरडी आहे. ती आत येऊन २० अंशांवर आली की तिची आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास उतरते. आता जुलै: बाहेर २५ अंश, ९० टक्के, म्हणजे जवळजवळ २१ ग्रॅम. आत २७ अंश, ८० टक्के, म्हणजेही जवळजवळ २१. या दिवशी चारही खिडक्या उघडल्या आणि दोन पंखे लावले तरी घर ८० टक्क्यांच्या खाली येणार नाही. पंख्याने घरातल्या हवेतलं पाणी बाहेरच्या हवेइतकं खाली आणता येतं, त्याखाली नेता येत नाही.

घरात पाणी येतं कुठून

माणूस झोपेत तासाला साधारण ४० ते ४५ ग्रॅम पाणी श्वास आणि त्वचेवाटे सोडतो. चार माणसांचं रात्रीचं सव्वा लिटरच्या आसपास होतं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे २२ लिटर. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर रोजचं अर्धा लिटर फक्त ज्योतीतून येतं, भाताच्या आणि वरणाच्या वाफेचा हिशेब वेगळा.

सगळ्यांत मोठा वाटा कपड्यांचा. पाच किलोच्या मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी असतं. ते हॉलमध्ये दोरीवर किंवा बंद केलेल्या बाल्कनीत वाळतं तेव्हा सगळं घरातल्या हवेत येतं. पावसाळ्यात हे टळत नाही, पण जागा निवडता येते: बाथरूममध्ये रॉड लावा, दार बंद करा, एक्झॉस्ट चालू ठेवा. बेडरूमच्या फॅनखाली कपडे वाळवणं सर्वांत वाईट. ते पाणी गादीत आणि कपाटात जाऊन बसतं.

थंडीतली काच आणि कोपरा

बाहेर १० आणि आत २० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साडेबारा अंशांच्या आसपास असतो. २० अंशांच्या ७० टक्के दमट हवेला दव धरायला १४.४ अंश पुरतात, ६० टक्के हवेला १२ अंश लागतात. म्हणजे रात्री खोली ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर काच जवळपास कोरडी राहते. हिवाळ्यातलं लक्ष्य हेच ठेवा. निफाडचा पारा बातम्यांत पाच-सहा अंशांवर येतो त्या दिवसांत काचेला थोडं दव धरेलच. ते सकाळी पुसून टाका.

बुरशीला मात्र थेंब लागत नाहीत. पृष्ठभागाला टेकलेली हवा ८० टक्के झाली आणि तशी काही दिवस राहिली की पुरे. सहा इंची बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर मागचा कोपरा १५-१६ अंशांवर उतरतो, आणि खोलीत ६० टक्के दिसत असताना त्या कोपऱ्यात ८० भरतात. काच कोरडी आणि कपाटामागे बुरशी, हे कोडं इथे सुटतं. द्राक्षबागेत फुटी विरळ करून पानांत हवा खेळती ठेवतात, म्हणजे दव लवकर सुकतं आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाला जागा मिळत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढण्यामागे तोच विचार आहे. कपाटाखाली आणि वरही हवेला वाट हवी, नाहीतर ती तीन इंचांची पोकळी बंद डबा होते. भिंतीतलं फर्निचर हलवता येत नसेल तर त्याला खाली आणि वर जाळी कापून घ्या. मागे थर्माकोलची शीट नुसती टेकवून ठेवू नका. तिच्यामुळे भिंत आणखी थंड होते आणि शीटमागे दमट हवा शिरत राहते, मग बुरशी आतल्या आत वाढते. लावायचीच तर पूर्ण चिकटवून, कडा बंद करून.

आता हवा किती लागेल? दोन माणसं, १० बाय १२ ची बेडरूम. दोघं मिळून तासाला ९० ग्रॅम पाणी सोडतात. बाहेरची ८ ग्रॅमची हवा तासाला ३५ घनमीटर येत राहिली तर खोली साडेदहा ग्रॅमवर स्थिरावते, म्हणजे २० अंशांना ६१ टक्के. खिडक्या-दार घट्ट बंद असतील तर फटींतून जेमतेम पाच घनमीटर येते आणि पहाटेपर्यंत काचेवर पाणी धरतंच. तासाला ३५ घनमीटर म्हणजे फक्त २० सीएफएम (मिनिटाला घनफूट). एवढ्यासाठी मोठा पंखा लागत नाही, रात्रभर चालणारा छोटा लागतो.

अटॅच्ड टॉयलेट असलेल्या बेडरूमला हे सोपं आहे. टॉयलेटमध्ये चार इंची, आवाज न करणारा पंखा रात्रभर चालू ठेवायचा, टॉयलेटच्या दाराखाली फट ठेवायची आणि बेडरूमची खिडकी अर्धा-एक इंच उघडी. अंगावर येणाऱ्या गारव्याची तक्रार नको असेल तर खिडकीऐवजी वरच्या व्हेंटिलेटरची एक काच कलती ठेवा. अटॅच्ड नसेल तर दुपारचा उपयोग करा: जानेवारीत दुपारी बाहेर २८ अंश, ३० टक्के, म्हणजे तेच ८ ग्रॅम, पण हवा उबदार. अकरा ते चार समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर गाद्या आणि कपाटं रात्री शोषलेलं पाणी सोडून देतात. रजया उन्हात टाकण्याची आपली जुनी पद्धत यासाठीही चांगली आहे.

पावसाळ्यात काय करू नये

आर्द्रता वाढली की आपोआप चालू होणारे सेन्सरचे पंखे ऑनलाइन भरपूर दिसतात. ते थंड देशांसाठी बनले आहेत, जिथे बाहेरची हवा बहुतेक वर्षभर आतल्यापेक्षा कोरडी असते. नाशिकला जुलैत बाहेरच ९० टक्के असताना ६५ वर लावलेला असा पंखा दिवसरात्र फिरत राहतो, मिळत काही नाही. बंद केल्यावरही १५-२० मिनिटं चालत राहणारा टायमरचा पंखा आपल्याकडे जास्त कामाचा.

तळमजल्यावर जूनच्या सुरुवातीला फरशीला घाम सुटतो. जमीन अजून गार असते आणि पहिल्या पावसाची दमट हवा तिच्यावर येते. लोक फरशी सुकावी म्हणून खिडक्या उघडतात, पंखा वेगात लावतात आणि पाणी वाढतं. अशा दिवशी दमट हवा आत घेऊ नका, दारं-खिडक्या लावा, फरशी कोरड्या फडक्याने पुसा, ओलं पोछा टाळा. फरशी दोन-तीन अंश गरम झाली की प्रकार थांबतो.

एसी असेल तर पावसाळ्यात तो चांगला कोरडा करणारा आहे. २५-२६ वर ठेवा. २० वर ठेवलात तर भिंती आणि फर्निचर गार होतात, आणि सकाळी एसी बंद करून लगेच खिडकी उघडली की बाहेरची वाफ त्या गार भिंतीवर बसते. एसी बंद केल्यावर तासभर खिडकी उघडू नका. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही, हेही ध्यानात असू द्या.

एसी नाही आणि एखादी खोली वाचवायचीच आहे, पुस्तकांची, बाळाची, दम्याच्या माणसाची, तर कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर घ्या. खोक्यावर '१२ लिटर' लिहिलेलं असतं ते बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेलं. खोली कोरडी होत जाते तसं पाणी बरंच कमी निघतं. हवा एक-दोन अंश तापते. २३० वॉटचं यंत्र आठ तास चाललं तर रोज १.८ युनिट, महिन्याला ५५ च्या आसपास. चालू असताना दार-खिडकी बंद हवी, नाहीतर सगळ्या इंदिरानगरची हवा कोरडी करत बसाल. पाण्याच्या बाटलीएवढी छोटी, कॉम्प्रेसर नसलेली यंत्रं दिवसाला काही शे मिलिलिटरच काढतात. खोलीसाठी ती निरुपयोगी. कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, भरले की बदला. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत.

पंखा निवडताना

खोलीचं घनफळ काढा, तासाला किती वेळा हवा बदलायची त्याने गुणा, ६० ने भागा. ५ बाय ७ चं, ९ फूट उंच बाथरूम ३१५ घनफूट. आठ वेळा हवा बदलायची तर ४२ सीएफएम, म्हणजे तासाला ७० घनमीटर. ८ बाय १० च्या स्वयंपाकघराला पंधरा-वीस वेळा, म्हणजे तेवढ्याच उंचीला १८० ते २४० सीएफएम. खोक्यावरचा आकडा घनमीटरमध्ये असेल तर १.७ ने भागून सीएफएम काढा.

मात्र तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. झडपा, जाळी आणि नळी लागली की निम्म्यावर येतो असं धरून दुप्पट क्षमतेचा घ्या. बाथरूमला सहा इंची, मोकळ्या हवेत १५० घनमीटर देणारा पुरतो. स्वयंपाकघराला नऊ किंवा बारा इंची. पात्याचा साधा पंखा थेट भिंतीतून बाहेर फेकण्यासाठीच आहे. फॉल्स सीलिंगमधून दोन मीटरपेक्षा लांब नळी न्यायची असेल तर नळीत बसणारा इनलाइन पंखा घ्या, कारण साध्या पंख्याला दाब तयार करता येत नाही. नळी कडक पीव्हीसीची, वळणं कमीत कमी, आणि उतार बाहेरच्या बाजूला. थंडीत नळीत दव धरतं आणि उतार आत असेल तर पाणी पंख्याच्या मोटारीत येतं. शॉवरच्या डोक्यावर असेल तर आयपीएक्स४ दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा हवा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वायरमनकडून तपासून घ्या.

बेडरूमसाठी आवाज हा मुख्य निकष आहे. रात्री घुमणारा पंखा दुसऱ्या दिवशी बंद होतो आणि पुन्हा चालू होत नाही. साध्या मोटारीला सिलिंग फॅनचा रेग्युलेटर लावला तर ती घुमते. वेग कमी करायचा असेल तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटारीचा घ्या.

पंखा फिरतो, तरी ओल जात नाही

बाथरूमच्या दारात खाली उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला जायला हवा. जागेवरच घुटमळला तर पुढच्यापैकी एक दोष आहे.

सर्वांत जास्त दिसणारा दोष: दोन बाय दोनचा लूव्हरचा व्हेंटिलेटर, मधल्या दोन पट्ट्या काढून पंखा बसवलेला, वरच्या-खालच्या पट्ट्या उघड्या. पंखा शेजारच्या फटीतून बाहेरचीच हवा ओढतो आणि पुन्हा बाहेर टाकतो. शॉवरची वाफ छताशी तशीच राहते. हात लावला तर वारा जोरात वाटतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पंख्याभोवतीची सगळी जागा अॅक्रिलिक किंवा एसीपी (अॅल्युमिनियमचा थर असलेल्या) शीटने बंद करून कडेला सिलिकॉन मारा. काम तासाभराचं आहे, आणि फरक त्याच संध्याकाळी आरशावर दिसतो.

दुसरा दोष, हवेला आत यायला वाट नाही. नव्या दाराखाली रबर लावलेलं असतं, उंबरा असतो. अडीच फुटी दाराखाली १५ मिलिमीटर फट म्हणजे ११० चौरस सेंटिमीटर, बाथरूमच्या ७० घनमीटरना पुरेशी. पंखा खरोखर १५० देत असेल तर २०० चौरस सेंटिमीटर लागतात, म्हणजे दारात खाली जाळी. पंखा दारासमोरच्या भिंतीत, छताजवळ असावा.

तिसरा दोष नाशिकच्या फ्लॅटमध्ये फार आहे: ड्राय बाल्कनी स्लायडिंगने बंद केली, पण स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट तिच्यातच तोंड काढून आहे. वाफ बाल्कनीत साठते आणि तिथल्या वाळत्या कपड्यांसकट परत घरात येते. एकतर नळी स्लायडिंगच्या बाहेरपर्यंत न्या, किंवा स्लायडिंगचा वरचा भाग कायमचा उघडा जाळीचा करा.

बाथरूम सामाईक शाफ्टमध्ये उघडत असेल आणि खालच्या मजल्यावरचा वास किंवा वाफ येत असेल तर पंख्याच्या झडपा बंद होत नाहीत. तेलकट धूळ साचून त्या अडकतात. धुण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने धुवा आणि बोटाने ढकलून मोकळ्या पडतात का बघा. शाफ्ट वरून पत्र्याने झाकलेला असेल तर सोसायटीला तो चारही बाजूंनी फूटभर उचलून घ्यायला सांगा. कबुतरांसाठी जाळी लावायची तर आठ-दहा मिलिमीटरच्या भोकाची. मच्छरदाणीची जाळी महिन्याभरात धुळीने गच्च होते.

आणि पंखा दिव्याच्या बटनावर जोडलेला असेल तर माणूस बाहेर पडताच तो बंद होतो, अजून भिंतींवर पाणी ओघळत असताना. वेगळं बटन किंवा टायमर लावा. आंघोळीनंतर वायपरने फरशीबरोबर टाइल्सही ओढून घेतल्या तर पंख्याचं काम निम्म्याने कमी होतं.

चिमणीबद्दल: बाहेर नळी नसलेली, कार्बन फिल्टरवाली चिमणी तेल आणि वास पकडते, वाफ सगळी घरातच परत सोडते. ओलीसाठी तिचा उपयोग शून्य. नळी सहा इंचीच ठेवा. भोक लहान पडलं म्हणून चार इंची जोडली की आवाज वाढतो आणि हवा घटते.

गॅस गिझर असेल तर थांबा

एलपीजीचा गिझर बाथरूमच्या आत असेल तर ओलीचा प्रश्न नंतर सोडवा. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. एक्झॉस्ट बसवणं हा त्यावर उपाय नाही. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा जळलेला वायू उलट खोलीत ओढू शकतो. गिझर बाहेर, उघड्या बाल्कनीत हलवा आणि फक्त गरम पाण्याची पाइप आत न्या. हे काम या लेखातल्या बाकी सगळ्याच्या आधीचं आहे.

मोठ्या यंत्रणा

उष्णता परत मिळवणारी हवा-बदल यंत्रं आता भारतातही विकली जातात. नाशिकला थंडी दोन-अडीच महिन्यांची आणि घरात हीटर क्वचित, त्यामुळे वाचवण्यासारखी उष्णताच थोडी असते. दिवसरात्र एसी चालणाऱ्या घट्ट बंद घरात ओलावाही अदलाबदल करणारं यंत्र विचारात घ्यावं, बाकीच्यांनी तो पैसा भिंतीच्या वॉटरप्रूफिंगला द्यावा. छतातून घरात हवा ढकलणारी यंत्रणा आपल्याकडे नको: पावसाळ्यात ती दमट हवाच आत भरते. रो-हाउसच्या जिन्याच्या डोक्यावर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडवर असतो तसा वाऱ्यावर फिरणारा व्हेंटिलेटर मात्र उपयोगी ठरतो. फक्त त्याच्या तळाशी पावसाळ्यात बंद करता येईल अशी झडप हवी.

बुरशी काढणं आणि रंग

कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. एन९५ मास्क आणि हातमोजे घालून आधी साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा. टाइल्स आणि ग्राउटवर ब्लीच एकास दहा पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. ब्लीच टॉयलेट क्लीनरच्या अॅसिडबरोबर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. पोपडे सुटलेली पुट्टी धुऊन उपयोग नाही, ती खरवडून काढावी लागते.

रंगासाठी मार्च-एप्रिल चांगला. प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा आणि भिंतीकडची बाजू ४८ तास कोरडी राहिली तरच पुट्टी भरा. ती ओली असताना रंगारी "वरून प्रायमर मारतो, काही होत नाही" म्हणाला तरी त्याला आठवडाभर थांबवा, आणि तोवर कपाट तिथे परत सरकवू नका.